सयाजीच्या बटाट्याचं फळ

सन्माननीय अध्यक्ष यशराजशेठ, प्रमुख पाहुण्या आणि आमच्या राजनंदिनीच्या वर्गशिक्षिका वैजयंतीबाई, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे मित्र सयाजीराव, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या राजाबाईवहिनी, आणि कांदा-बटाटा मार्केटातल्या माझ्या तमाम माथाडी बांधवांनो,

मी तुळशीराम, इथल्याच बोनकोडे गावचा. जन्मभर काट्यावर मापाडी म्हणून उभा राहिलो. आमच्या कामात तोंड कमी आणि नजर जास्त चालते, त्यामुळे भाषणाची सवय नाही. पण सयाजी उद्या साताऱ्याकडे, आपल्या गावी कायमचा निघालाय. लग्न करून आला तेव्हापासून तो माझ्याच घरात वरच्या खोलीत राहतो. त्याच्याबद्दल मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

सयाजीने पाठीवर किती पोती वाहिली ते शेठ सांगतील. मी म्हणतो, त्याने त्याहून जास्त थापा वाहिल्या. हसू नका, तुम्ही सगळे जेवणाच्या सुट्टीत त्याच्याभोवतीच बसायचात. आग्र्याच्या बटाट्याच्या पोत्यात साप निघाला, सयाजीने त्याला हात जोडले आणि त्याच ट्रकने परत आग्र्याला पाठवला, ही गोष्ट इथे कोणी ऐकली नाही? दर वेळी साप हातभर वाढायचा. आणि गोष्ट संपली की हा म्हणायचा, "इचारा तुळशीरामला, काट्यावर व्हता तवा." मी मान खाली घालून डबा खायचो. साक्ष मी कधी दिली नाही. मापाड्याने साक्ष जपून द्यावी.

तर असा हा माणूस. गेल्याच्या गेल्या थंडीत त्याने कोंब आलेले चार बटाटे माझ्या गच्चीवर, कापलेल्या ड्रममध्ये लावले. थंडी त्या वर्षी चांगली पडली होती. झाडांना जांभळट फुलं आली आणि एके सकाळी सयाजी धावत खाली आला. "तुळशीराम, बटाट्याला फळ लागलंय." मी म्हटलं, चहा घे. पण वर जाऊन बघतो, तर खरंच हिरवीगार गोल फळं घोसाने लटकलेली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं याने टोमॅटो दोऱ्याने बांधलेत. मी देठ ओढून बघितला. दोरा नव्हता.

आमची घरधनीण गंगू म्हणाली, "टमाटंच हाय ते, कालवनात टाकते." सयाजीने तिचा हात धरला. गावाकडच्या कृषी सहायकाला फोन लावला. तो म्हणाला, बटाट्याचंच फळ आहे, क्वचित धरतं, पण विषारी असतं, तोंडात घालू नका. सयाजीने ते मार्केटात आणून दाखवलं. आता मंडळी, बटाट्यावर आपलं सगळ्यांचं घर चालतं, पण आपल्यापैकी एकाने तरी बटाट्याचं फळ बघितलं होतं? आपण बघतो ती पोती. सगळे म्हणाले, सयाजी, आता टोमॅटो पण तुझे बटाटे झाले का? आणि तो विषाचं सांगेपर्यंत आपल्या टोळीतल्या आप्पांनी एक चावून बघितलं. आप्पा, उभे राहू नका, सगळ्यांना माहीत आहे. लगेच थुंकून चूळ भरली म्हणून आज तुम्ही पहिल्या रांगेत आहात.

इथवर गंमत होती. पण त्याची नात राजनंदिनी एक फळ शाळेत घेऊन गेली. वर्गात पोरं हसली, हा कच्चा टोमॅटो आहे म्हणाली. पोर रडत घरी आली आणि आजोबाला म्हणाली, "आजोबा, तुमचं सगळंच खोटं असतं का?"

त्या दिवसापासून सयाजीने गोष्ट सांगितली नाही. मार्केटात नाही, घरी नाही. डबा उघडायचा, जेवायचा, उठायचा. मी त्याला कधी इतका गप्प बघितला नव्हता, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

उरलेली फळं त्याने मऊ होऊ दिली, चिरली, बिया धुऊन वाळवल्या. तिळाहून बारीक बिया. गेल्या दिवाळीत राजनंदिनीच्या हातून त्या कुंडीत पेरल्या आणि गच्चीच्या दाराची चावी माझ्याकडे दिली. म्हणाला, "ह्या बियांना खाली बटाटंच धरत्याल, पन मागनं बटाटा पुरला आसं कुनी म्हनाय नगं." रोज मी दार उघडायचो, तो पाणी घालायचा, मी कुलूप लावायचो. आता पाला वाळलाय, पण हा काही खणू देईना. काल विचारलं तर म्हणतो, "आत काय नसलं तर पोरीला काय सांगू? तशीच र्‍हाऊ दे कुंडी."

सयाजी, मला माफ कर. टेबलाखाली कापड घालून ठेवली आहे ती तुझी कुंडी. आणि बाईंना इथे मी मुद्दाम बोलावलंय.

राजनंदिनी, ये बाय वर. आता ही कुंडी या कागदावर उपडी कर. सावकाश. सयाजी, छताकडे काय बघतोस, इकडे बघ. मातीत हात घाल, बाय.

हं. एक. आणखी एक. दाखव बाईंना, सगळ्यांना दाखव. मोठा लिंबाएवढा, बाकीचे सुपारीएवढे. आणि हा एक तांबडा निघाला, तो कोणावर गेलाय कोण जाणे. आप्पा, खाली बसा, चाखायचं नाही. वहिनी, पदर कशाला डोळ्यांना लावता? द्या त्याला पाणी द्या, सयाजीला.

काय विचारतेस, बाय? इकडे माइकजवळ ये.

ती विचारते, मग आग्र्याचा साप पण खरा होता का?

सयाजी, मान खाली घालू नकोस. तुला नाही विचारलं, मला विचारलंय.

खरा होता, बाय. मी काट्यावर होतो. चांगला हा एवढा होता, आणि जाताना तुझ्या आजोबाकडे वळून बघून गेला.

अध्यक्षमहाराज, बाई, मंडळी, सगळ्यांचे आभार. जन्मात मी कमी-जास्त माप दिलं नाही. आज बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभेने ते पोटात घालावं.