देवीचा जबाब

विमा उतरवलेलं पार्सल हरवलं की भरपाई मिळते, असं मलाही वाटायचं हो! संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात हे तुरुंगात गेले, तेव्हा मालवणकडच्या आमच्या गावच्या देवीला मी चांदीच्या डोळ्यांचा नवस बोलले. हे सुखरूप सुटले. मी डोळे घडवून, विमा उतरवून, लालबागहून देवीच्याच नावाने टपालाने धाडले. ते वाटेतच नाहीसे झाले. दुसरे घडवायची ऐपत नाही, नवस तसाच डोक्यावर.

टपाल कचेरीतल्या कारकुनाने अर्ज फेटाळला. "बाई, पार्सल ज्याच्या नावे, त्यानेच मिळालं नाही म्हणून कळवायचं. आणा देवीचा जबाब!" आणि शेजारच्याला टाळी देऊन हसला.

मी गावी गुरवांना लिहिलं, देवीला कौल लावा. पार्सल मिळालं नसेल तर उजवं फूल दे म्हणावं. उजवंच पडलं. त्यांचं पत्र घेऊन मी पुन्हा खिडकीशी.

"देवी म्हणते, मिळालं नाही."

"फुलावरून?"

"तुम्हीही मालवणकडचेच ना? तुम्हाला काय सांगायचं! बरं, डोळे कुणी घेतले, त्याचाही कौल लावू का?"

कारकुनाने माझा अर्ज झटकन आत ओढून घेतला. म्हणाला, "एवढ्यासाठी देवीला कशाला त्रास, वहिनी?"