भिकूचं नवं स्टिअरिंग

गाडी दुरुस्त केली म्हणजे सुधारलीच, असं नसतं बरं का. माझ्या लग्नाच्या वेळचं सांगतो.

तेव्हा गावात एकच मोटार, माझ्या दोस्ताची, भिकूची. तीही जुनी. स्टिअरिंग इतकं ढिलं की अर्धा फेरा फिरवल्यावर कुठे चाकं वळायची. भिकू मूळचा होडीवरचा तांडेल, सुकाणू आधी फिरवायची सवयच त्याला. वळण दहा हात लांब असतानाच तो स्टिअरिंग फिरवायचा, आणि गाडी बरोबर वळायची. माझं लग्न म्हणून त्यानं हौसेनं पुढच्या चाकांचे किंगपिन आणि स्टिअरिंगचे झिजलेले सांधे बदलून घेतले. कट्टा गावाला नवरीकडे निघालो. पहिल्याच वळणाला त्यानं नेहमीसारखं आधीच फिरवलं, आणि मी मुंडावळ्यांसकट शेतात.

"गाडी लगेच आयकाक लागली रे," भिकू म्हणाला, "माझ्या हातांका अजून ठावक नाय."

मुहूर्त जवळ आलेला. गाडी ढकलून रस्त्यावर घेतली. मग प्रत्येक वळणाला त्याचे हात थांबवायला मी जीव खाऊन ओरडायचो, "रव रे, रव, रव... हां, आता वळ!"

मुहूर्त गाठला. पण बायकोचं नाव घ्यायला सांगितलं, तर घशातून आवाजच फुटेना.

सासरे खुशीत पाहुण्यांना सांगत होते, "जावई गरीब गावलो हो. तोंडातून शबूद काढणा नाय."