साऱ्या काउंटीच्या कमरेला माझं माप

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि काउंटी मंडळाच्या प्रमुख सन्माननीय आयोना प्रुएटबाई, व्यासपीठावर विराजमान माजी शेरीफ व्हर्न टॉलेफसनसाहेब, त्यांच्या शेजारी बसून गेला अर्धा तास 'मला इथं कशाला बसवलंत' अशा चेहऱ्यानं टेबलावरच्या कापडाची शिवण तपासणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होणाऱ्या डेप्युटी लॉरेटा हॅनिगन, आपले दोन्ही बंब बाहेर थंडीत उभे करून हा हॉल मोकळा करून देणारे अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, आणि ड्राय फोर्क गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझं नाव लोवेल स्ट्रँड. ओळख करून द्यायची गरज नाही हे मी जाणतो. या हॉलमधल्या निदान चाळीस कमरा मला चेहऱ्याआधी आठवतात. धान्याच्या कोठाराशेजारी माझं दुकान आहे आणि मी तेहतीस वर्षं होल्स्टरं, म्हणजे पिस्तुलाची चामडी म्यानं, शिवतो. मला कुणी शिकवलं नाही. आजोबांच्या मोडक्या खोगिराचं चामडं, मेण लावलेला दोरा आणि एक उधार आणलेली आरी, एवढ्यावर पहिलं होल्स्टर शिवलं. ते वाईट होतं. दुसरं कमी वाईट होतं. एकोणिसावं मी आजही कुणालाही दाखवीन. हे बढाईसाठी सांगत नाही. म्हणजे थोडं बढाईसाठीही सांगतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू जाणार आहे. आधी थोडी जमा केलेली बरी.

अध्यक्षबाईंनी मला सांगितलंय की पाच मिनिटांत आटपा, चिलीचं पातेलं निवतं आहे आणि दालचिनीचे रोल संपताहेत. पण समोरच्या रांगेत तीन नवे डेप्युटी बसलेले दिसतात आणि त्यातल्या एकाच्या कमरेला कापडी होल्स्टर आहे. तेव्हा, बाई, मला आणखी दोन मिनिटं माफ करावीत.

मुलांनो, होल्स्टर निवडायचं म्हणजे काय बघायचं? रंग? नक्षी? सगळ्यात पहिलं, चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, आणि तो कडक भिंतीनं झाकला पाहिजे. बोटानं बाहेरून दाबून चापापर्यंत पोचता येत असेल तर ते होल्स्टर नव्हे, मोजा आहे. मग पिस्तूल रिकामं करा, दोनदा तपासा, आत ठेवा, टिचबटण न लावता होल्स्टर गादीवर उलटं धरून हलवा. पडलं? दुकानदाराला परत द्या. पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे परत ठेवताना दुसरा हात लागणार नाही आणि नजर खाली जाणार नाही. आणि पट्टा! लोक होल्स्टरवर महिन्याचा पगार घालतात आणि ते लटकवतात चर्चला जायच्या पट्ट्यावर. पायाच मऊ असेल तर वरचं घर कसं उभं राहील?

या चार गोष्टी मी स्वतःच्या अकलेनं शोधल्या होत्या आणि मला वाटत होतं की यापलीकडे शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. मग चोवीस वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात लॉरेटाबाई माझ्या दुकानात आल्या.

त्याआधी सहा वर्षं त्या शाळेची बस चालवत होत्या. बर्फात, खिंडीतून, तीस पोरं मागं कोंबलेली, आणि एकदाही रस्ता सुटला नाही. टॉलेफसनसाहेबांनी त्यांना शेरीफच्या खात्यात घेतलं तेव्हा गावात पैजा लागल्या होत्या. कुणी लावल्या होत्या ते मी सांगत नाही, त्यातले दोघे आज चिली वाढताहेत. सहा आठवड्यांची उमेदवारी होती आणि शेवटी नेमबाजीची परीक्षा. शिट्टी वाजल्यापासून तीन सेकंदांत पिस्तूल बाहेर काढून सात यार्डांवरच्या पाटीत दोन गोळ्या. तीन संधी. तिसरी हुकली की नोकरी गेली. आणि बसची जागा तोवर दुसऱ्याला दिलेली होती.

दोन संधी हुकल्या होत्या. गंमत अशी, की नेम खात्यात सगळ्यांत चांगला त्यांचाच. पिस्तूल एकदा हातात आलं की दोन्ही गोळ्यांची भोकं एकमेकांना चिकटून. पण हातात येईपर्यंत चार सेकंद. साहेब, तुम्ही त्या वेळी काय म्हणालात ते मी सांगितलं तर चालेल ना? मान हलवताहेत. साहेब म्हणाले, "लॉरेटा, तुझा नेम माझ्याहून बरा आहे. पण तो निघेपर्यंत समोरचा माणूस जेवून, हात धुऊन येईल."

तिसरी संधी शुक्रवारी होती. तर मंगळवारी सकाळी त्या दुकानात आल्या. होल्स्टर माझंच, खात्यातली सगळीच माझी होती. टेबलावर ठेवून म्हणाल्या, "लोवेल, यात काहीतरी चूक आहे."

मी ते उचललं. शिवण पाहिली. उलटं करून हलवलं. चाप पाहिला. म्हणालो, "यात चूक नाही."

"मला कोपर कानापर्यंत न्यावं लागतं."

"सराव कर."

"रोज दोनशे वेळा करते."

आणि तेव्हा मी ते वाक्य बोललो, जे आज या भरल्या सभेत पुन्हा बोलायला मला लाज वाटते. मी म्हणालो, "बाई, शिकवायचं असतं ते हाताला. चामड्याला नव्हे."

त्यांनी होल्स्टर उचललं, दार हळू लावलं आणि गेल्या. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी जेवताना माझी बायको मार्वा, ती तिकडं कॉफीच्या किटलीजवळ उभी आहे आणि मी काय काय सांगतो ते मोजते आहे, ती एल्क हरणाचा रस्सा वाढता वाढता म्हणाली, "लॉरेटा आली होती खाकी पँट आवळून घ्यायला. खात्यानं पुरुषांचीच दिलीय. तिच्या बरगडीवर तुझी सही आहे."

"माझी सही?"

"काळीनिळी. पिस्तुलाच्या मुठीएवढी. गाडीत बसली की टोचते म्हणे."

"पट्टा सैल बांधत असेल."

मार्वा आमच्या गावात तीस वर्षं कपडे शिवते. तिनं डाव खाली ठेवला. "लोवेल, तू शिंपी असतास ना, तर या गावातल्या सगळ्या बायका तुझी विजार घालून फिरल्या असत्या. आणि कुणी कुरकुर केली, तर तू म्हणाला असतास, बाई, चालायचा सराव करा."

मी ताटावरून उठलो वगैरे नाही. खोटं कशाला सांगू? रागारागानं दोन वाडगे रस्सा खाल्ला. पण बुधवारी सकाळी दुकान उघडल्याबरोबर भिंतीवरचा मूळ नमुना खाली काढला. जाड कागदाचा, कडा काळ्या पडलेल्या. त्याच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पट्टा ते काख, सतरा इंच.

सतरा इंच कुणाचे? मंडळी, माझे! त्याच्या नऊ वर्षं आधी मी आरशासमोर उभा राहून स्वतःच्या कमरेवर तो नमुना कापला होता, कारण शिकवायला कुणी नव्हतं आणि मोजायला दुसरी कंबरही नव्हती. आणि नऊ वर्षं ही अख्खी काउंटी माझी कंबर लावून फिरत होती. लंबूटांग, सपाट बाजूचा, एकशे साठ पौंडांचा लोवेल स्ट्रँड. ज्याला तो नमुना बसला त्यानं माझी तारीफ केली. ज्याला बसला नाही त्याला वाटलं, आपलाच हात मंद आहे.

मी दुकानाला कुलूप लावलं. शनिवारी शिकारीचा हंगाम उघडणार होता, दारात चार गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांनी मला जी विशेषणं लावली ती अध्यक्षबाईंसमोर सांगण्यासारखी नाहीत. मोजपट्टी घेतली, गवंड्याचा ओळंबा घेतला आणि गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. लॉरेटाबाई एकट्याच वाऱ्यात उभ्या राहून सराव करत होत्या.

"आता काय, हाताला शिकवायला आलास?"

"नाही. मोजायला आलो."

"काय?"

"माझी चूक."

त्यांनी मग पिस्तूल रिकामं केलं, मला दाखवलं आणि कोपर उचलून सरळ उभ्या राहिल्या. पट्टा ते काख, साडेतेरा इंच. कमरेजवळ ओळंबा सोडला आणि सगळं तिथंच दिसलं. पुरुषाची बाजू सरळ खाली जाते. त्यांची पट्ट्याखाली बाहेर येते. त्यामुळं होल्स्टरचं खालचं टोक बाहेर ढकललं जात होतं आणि मूठ आत, थेट बरगडीत. आत रुतलेली मूठ धरायला बोटं घालणार कुठून? आणि धरली तरी उरलेल्या साडेतेरा इंचांत पिस्तूल वर उपसायला कोपर कानापर्यंत जाणार नाही तर कुठं?

"किती आहे मग चूक?" त्यांनी विचारलं.

"पिस्तूल उपसायला तुला पावणेपंधरा इंच पुरतात, म्हणजे उभी सव्वा इंच. आडवी पाऊण इंच."

"एवढीच?"

"एवढीच."

"चामड्यातली म्हणतोस ना," त्या म्हणाल्या. "माणसातली जास्त निघेल."

बुधवारी कापलं, शिवलं. सव्वा इंच खाली उतरवलं. पट्टा आणि होल्स्टर यांच्यामध्ये चामड्याची पाचर घातली, खाली निमुळती, वर जाड, म्हणजे मूठ अंगापासून सुटेल आणि सगळं ओळंब्यात लटकेल. भिजवून आकारावर बसवलं. आणि इथं माझी खरी परीक्षा. चामडं वाळायला जितका वेळ लागतो तितका लागतोच. शेगडीजवळ धराल तर ठिसूळ होतं आणि हिवाळ्यात तडकतं. मी आयुष्यात कधी चामड्याची घाई केलेली नाही. शुक्रवारी सकाळी ते गालाला लावून पाहिलं. बाहेरून कोरडं, पण पाचरीपाशी गार लागलं. गार लागलं म्हणजे आत ओल.

मैदानावर गेलो आणि खरं ते सांगितलं. "अजून थोडी ओल आहे. पहिल्या झटक्याला सोडताना कुरकुर करेल. मूठ घट्ट धर."

"तुझ्यावरच गेलंय म्हणजे," लॉरेटाबाई म्हणाल्या, आणि रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी शिट्टी वाजवली. मी डोळे मिटले होते, हे आज पहिल्यांदा सांगतो. दोन बार ऐकू आले, इतके जवळजवळ की मला वाटलं एकाचाच प्रतिध्वनी. डोळे उघडले तर साहेब हातातलं घड्याळ तळव्यावर आपटताहेत.

"बंद पडलं वाटतं," साहेब म्हणाले. "पुन्हा कर."

लॉरेटाबाईंनी पुन्हा केलं. दोन सेकंदांच्या आत. कोपर खांद्याच्या वर गेलंच नाही.

साहेब माझ्याकडं वळले. "लोवेल, हिच्यासाठी खास काय केलंस रे?"

मंडळी, त्या क्षणी मी काहीही सांगू शकलो असतो. नवा शोध लावला म्हणालो असतो तर गावानं मानलंही असतं. पण मार्वा गाडीत बसून बघत होती. मी म्हणालो, "खास काही नाही, साहेब. तिचं माप घेतलं. आजवर कुणाचंच घेतलं नव्हतं."

साहेबांनी आपल्या पोटाकडं पाहिलं, मग त्याखाली दडलेल्या होल्स्टरकडं पाहिलं. "म्हणजे मी सात वर्षं वाकून पिस्तूल काढतोय, ते वयामुळं नव्हे?"

"नाही, साहेब. माझ्यामुळं."

हसा, हसा. त्या हिवाळ्यात मी खात्यातल्या अकराही जणांची मापं घेतली आणि अकराही होल्स्टरं बदलून दिली. दोन सारखी निघाली नाहीत. तो जुना नमुना आजही माझ्या कामाच्या बाकावर भिंतीला टांगलेला आहे. सतरा इंचांच्या खाली मार्वानं पेन्सिलीनं दोन शब्द लिहून ठेवलेत: फक्त लोवेल.

लॉरेटाबाईंच्या चोवीस वर्षांविषयी इतर वक्ते बोललेच आहेत. मी फक्त माझ्या चामड्यापुरतं बोलतो. हमरस्त्यावर सुटलेल्या घोडीनं त्यांना लाथ मारून खड्ड्यात पाडलं होतं, तेव्हा टोपी गेली, रेडिओ गेला, एक बूट गेला. पिस्तूल होतं तिथंच होतं. त्या होल्स्टरमधून कामावर असताना ते किती वेळा बाहेर आलं, हे मी कधी विचारलं नाही. पण शिवणाऱ्याला कडा बघून कळतं. तोंडाची कड झिजली होती ती मैदानावरच्या सरावानं, सारखी, नेमकी. आणि टिचबटणावरचा पट्टा अंगठ्यानं गुळगुळीत झाला होता. म्हणजे अंगठा तिथं कितीतरी वेळा जाऊन नुसता टेकला होता आणि परत आला होता. त्यातल्या प्रत्येक वेळी समोर जो कुणी उभा होता तो त्या दिवशी घरी गेला. त्यातले काही आज इथं दालचिनीचे रोल खात असतील. असू दे. पोटभर खा.

आता शेवटचं. तीन आठवड्यांपूर्वी लॉरेटाबाई दुकानात आल्या. पिस्तूल खात्याला परत द्यायचं, पण होल्स्टर त्यांचं स्वतःचं. त्या म्हणाल्या, "ते खुंटीवर राहू दे. मी आता भावाच्या रानावर कुंपणं दुरुस्त करणार. तारा ओढायची पक्कड ठेवायला कमरेला काहीतरी दे."

मी कामात होतो. मान वर न करता म्हणालो, "भिंतीवर तयार आहेत, त्यातलं घे. सगळ्यांना येतं."

पावलं भिंतीकडं गेली नाहीत. वर पाहिलं तर त्या दुकानाच्या मधोमध सरळ उभ्या होत्या, उजवं कोपर उचलून. 

मी मोजपट्टी घेतली. बारा इंच आणि तीन अष्टमांश. चोवीस वर्षांत आपण सगळेच थोडे खाली बसलो आहोत. ओळंबा सोडला, पाचर नव्यानं बेतली, आणि या वेळी चामडं पूर्ण नऊ दिवस वाळू दिलं.

लॉरेटाबाई, हे घ्या. गालाला लावून बघा. गार लागतं का?

नाही म्हणताहेत. ऐकलंत ना सगळ्यांनी?

अध्यक्षबाईंनी पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते टॉलेफसनसाहेबांच्या घड्याळाला विचारावं, चालत असेल तर. हॉल देणाऱ्यांचे, रांधणाऱ्यांचे, आणि चोवीस वर्षं ही गोष्ट कुणाला न सांगता माझी लाज राखणाऱ्या सत्कारमूर्तींचे मी मनापासून आभार मानतो. माझ्या बोलण्यात काही तिरकं गेलं असेल, कुणाला कुठं टोचलं असेल, तर मनात ठेवू नका, दुकानात येऊन सांगा. आधी मोजीन, मग बोलेन.