सुमनचा तिसरा बेस

माझी बहीण सुमन आता नाही, म्हणून तिच्या होमरनसाठी मीच भांडतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर वडीगोद्रीला शाळांचा सॉफ्टबॉल सामना होता. बेस म्हणून कापूस वेचणाऱ्या बायांची पोती अंथरलेली. जिंकायला एकच धाव हवी होती. सुमननं चेंडू लांब कपाशीत मारला आणि एकाच फटक्यात सगळे बेस गाठून होमरन काढायला पळत सुटली. तिसऱ्या बेसवर पोचली, तर पोतंच नाही! पोत्याची मालकीण ते खांद्यावर टाकून निघाली होती.

“पोत्याला पाय न्हाई लागला, तर होमरन न्हाई!” समोरच्या पोरी ओरडल्या.

सुमन त्या बाईमागं धावली. “मावशी, पोतं खाली टाका, पाय लावायचाय!”

“माझी वेचणी खोळंबली, बाई!”

“टाका ना जल्दी!”

मावशीनं टाकलं. सुमननं त्यावर दोन्ही पाय रोवले आणि तशीच पळत शेवटचा बेस गाठला. चेंडू अजून कपाशीतच होता.

पंच म्हणाले, “बेस हलला, पोरगी न्हाई हुकली. होमरन!”