सुई कुठे हाय, ते सांग

हॅलो? … हॅलो, अंकिता? … हो, मीच, आम्रपाली. अगं, कुठपर्यंत आलात? मी दवाखान्याच्या दारातच उभी हाय, डॉक्टरांना सांगून ठेवलंय…

थांबलात? थांबलात म्हणजे? विंचू चावलेल्या माणसाला घेऊन रस्त्यात कोण थांबतं गो?

… गाडी तापली. … तापमानाची सुई लालवर. … वाटलंच मला. तोच वॉल. अगं तोच, थर्मोस्टॅटचा, इंजिनातलं गरम पाणी सोडणारा, मी गणपतीत विकत आणून तुझ्या नवऱ्याच्या हातात ठेवला होता. छोट्या डबीतला… हो. कुठे हाय तो? … गाडीतच? खणात? वा! म्हणजे नवा वॉल खणात बसून गावभर फिरतोय, आणि इंजिनात तोच जुना अडकलेला!

"भात कापून झालं की बसवू." … हो, हो, मलाही हेच म्हणाला होता. आई पेंढा उचलायला गेली नि विंचू चावला, तेही भात कापून झाल्यावरच ना…

बरं, जाऊ दे. आई कशी हाय? … नाय, "बरी हाय" नको. नीट सांग. घाम? … हात बघ. गार की गरम? … गार? पायपण? … आरोग्य केंद्रात सिस्टरांनी विंचवावरची गोळी दिली ना? … उलटीत पडली नाय ना? … नक्की? … बरं.

बोलते काय? … काहीच नाय?

अंकिता, आई गप्प हाय? आपली आई? अगं, ती एसटीत बसली तरी ड्रायव्हरला गाडी शिकवते… नाय, नाय, तू रडू नकोस. तू रडलीस की मला काही ऐकू येत नाय.

केला गो फोन, ॲम्ब्युलन्सला पहिलाच केला. ती पोलादपूरला गेलीय, हायवेवर अपघात झालाय. सुटली की पाठवतो म्हणाले… आमचे हेपण तिकडेच, ट्रेनिंगला. आणि त्यांच्याकडे मोटरसायकल. तिच्यावर आईला कशी बसवणार? … दुसरं कोणी थांबत नाय? … टेम्पो होता? मग? … भाऱ्यांनी भरलेला. बरं.

तुझा नवरा, अरविंद, कुठे गेला? … बॉनेट उघडून काय करतोय? … पाना? पाना कशाला?

आत्ता? वॉल आत्ता बसवणार? रस्त्यात? अगो बाई, तहान लागल्यावर विहीर खणायला निघाला हा! त्याला सांग, हात लावू नको. … ओरडून सांग. अंकिता, ऐक ना, तिथे उकळतं पाणी असतं. बोल्ट ढिला केला की सगळं तोंडावर येईल त्याच्या… आणि रेडिएटरचं झाकण? उघडलं नाय ना? …

फडकं घेऊन? … खाली उतर! आईचं डोकं सीटवर टेकव आणि उतर! हात धर त्याचा! अरविंद! अरे अरविंद, झाकण सोड! सोड ते!

…

हॅलो? … हॅलो? कोणीतरी बोला रे!

… सोडलं? … भाजलं नाय? … बरं. बरं झालं.

— सॉरी हं सिस्टर. हो, जरा जोरात बोलले. माझी आई आहे… येसूबाई. निघालेत, रस्त्यात गाडी अडली आहे… हो, बाहेर जाऊन बोलते. —

अंकिता, फोन स्पीकरवर टाक. … अरविंद? माझं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. सगळं मागाहून बोल. गाडीचा हीटर लाव.

… हीटर. … हो, हीटरच! कानात बोळे घातलेत का? तो खटका पार लाल टोकाला ढकल आणि पंखा पूर्ण सोड.

… मला वेड लागलेलं नाय. ऑक्टोबर हाय, ऊन हाय, मी पण महाडातच राहते. ऐक. तो वॉल अडकलाय बंद, म्हणून गरम पाणी रेडिएटरकडे जातच नाय, आतल्या आत उकळतंय. हीटरची नळी वेगळी. हीटर लावलास की इंजिनातली उष्णता आत गाडीत येते. … तुमच्या अंगावर, हो! मग? तेवढी तरी तिथून कमी झाली ना?

इथल्या फिटरने सांगितलेलं मला, गाडी माझ्याकडे होती तेव्हा. केलंय मी. शाळेत पोचले तर साडी ओलीचिंब, मुख्याध्यापक विचारतात, "बाई, पाऊस लागला का वाटेत?" … हसू नकोस. सुई कुठे हाय, ते सांग.

… लालच्या खाली? जरा खाली आली ना? मग बॉनेट लाव आणि सुरू कर. … झाली? … पुढच्या काचा खाली घ्या. मागच्या नको, आईला वारा लागेल. शाल हाय ना? … घाल अंगावर. … अंकिता, मला ठाऊक हाय गो, तू तिच्याजवळ मागेच बसलीस. उकडू दे. आज उकडलं पाहिजे.

निघालात? … हळू. रेस मारायची नाय. … सुई? … अर्ध्याच्या वर. … अजून? … चढते की तिथेच हाय? "तिथेच असेल" काय! बघून सांग!

… काय? … आवाज तुटतोय… चढाव आला? तो छोटा चढाव? … हॅलो? … अंकिता? … सुई कुठे हाय? … हॅलो?

हॅलो…

अगं बोल ना…

… हां! हां, येतोय आवाज. गेले होते सगळे शब्द. … चढलात? … आणि सुई? … खाली? खरंच खाली येतेय? … म्हणजे लागू पडला हीटर. अरविंदला सांग, तुझी बहीण येडी नाय. … सांग ना, मला बरं वाटेल.

मला भीती वाटते गो अंकिता. मी इथे दारात उभी राहून नुसतं तोंड चालवतेय. दुसरं काय येतंय मला? … तू हात चोळत राहा तिचे. … डोळे उघडते? … मिटलेलेच. … हाक मार. … नाय? परत मार.

बिरवाडी आली? … आली. मग आता रस्ता चांगला हाय. तरी नको पळवू. … हो रे बाबा, उद्या बसवू वॉल. आमचे हे बसवतील, तू नुसता पाना धर. गाडी थंड असताना. … नाय, आत्ता माफी नको मागूस. पुढे बघून चालव. तुझ्यावर चिडायला मी जन्मभर हाय. आधी तिला इथे आण.

… घामाने भिजलात? भिजा.

… कोण बोललं? … अंकिता, मागे कोण बोललं? … कोण?

आई?

काय म्हणाली? … काय? … उकडतंय?

उकडतंय म्हणाली? … तीच? तिच्या तोंडाने? … अगं परत विचार… अरविंदला? काय म्हणाली अरविंदला? … "मेल्या, मला भट्टीत घातलंस काय?" … असं म्हणाली?

मग रडतेस काय येडे! … मी? मी कुठे रडतेय. सर्दी झालीय मला.

हात बघ. … गरम? … हीटरने असतील. गोळीने असतील. कशानेही असू देत, धरून ठेव… काच उघडायला सांगते? नाय, मुळीच नाय उघडायची. हीटर बंद नाय करायचा. … शिव्या देतेय? कोणाला? … दोघांना. देऊ दे. फोन तिच्या तोंडाजवळ धर. धर ना गो.

… आये?

… हो. … हो आये, मीच लावायला सांगितला हीटर. … हो, मीच ती मेली. … काय? … अक्कल गहाण टाकली, हो. शिकून वाया गेले. … बरोबर. … अजून दे. थांबू नकोस, दम लागला तर हळू दे. … पेंढा? पेंढा कोण बघणार म्हणजे? पेंढा पळून जात नाय कुठे. … ऐकतेय मी. सगळं ऐकतेय. … बोलत राहा आये…

ती बघ. … वळली. दिसली मला गाडी. तुम्ही आलात.

— सिस्टर! ओ सिस्टर! खाट आणा, आली माझी आई! —

ठेवते आये. ठेवते फोन. उरलेल्या शिव्या आता समोर दे.