विमानाची अंघोळ

...आन् वरनं मलाच म्हणत्यात, ज्ञानोबा मिस्त्रीनं गावाचं पाणी तोडलं. म्या तोडलं? अवो, तुमाला सांगतो, माझा धंदा विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. विहिरीला पाणी असंल तर इंजिन चालंल, चालंल तर बिघडंल, बिघडंल तर माझी चूल पेटंल. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच आटल्या, मग इंजिन कशाला बिघडतंय? पान्या-हातोड्यांना गंज चढाया लागला, आन् तेवढ्यात आमच्या वीरप्पा मालकांचं बोलावणं आलं. मालक म्हंजे सास्तूरच्या अलीकडं दीडशे एकराचे धनी, वर साखर कारखान्याचे डायरेक्टर. गेलो तर काय, चिंचंखाली विमान उभं!

व्हय, विमान. दोन माणसांचं, लाकडी पंखांवर कापड ताणल्यालं, हैद्राबादच्या लिलावातनं आणल्यालं. आदल्या साली घेतलं ते उसावर औषध फवाराया. औंदा ऊसच न्हाय, तर मालक म्हणले, दुष्काळाची पाहणी करू. वरनं. आता दुष्काळ खालनं दिसत न्हाय का? पर मोठ्या माणसाला कोण इचारणार... उतराया जागा कुठली, तर गावचं तळं. थेंब न्हाय त्यात, तव्यावाणी सपाट. तिथली दगडं येचाया दुष्काळी कामावरच्या बाया, त्यात आमची मुक्ताबाईबी. बायको तळं झाडायली आन् नवरा विमान पुसायला, असा आमचा संसार.

चालवायला हैद्राबादचा एक रिटायर कप्तान. त्याच्यापाशी विमानाचं हे जाड इंग्रजी पुस्तक. नट किती आवळायचा? पुस्तकात लिहिलंय. ग्रीस कुठं भरायचं? पुस्तकात लिहिलंय. म्या म्हणलो, साहेब, म्या कानानं इंजिन वळखतो. तर म्हणतो, "मिस्त्री, कान नक्को, किताब होना." बरं बाबा, किताब तर किताब.

आन् त्याच किताबात लिहिल्यालं, आठ दिवसाला विमान सोच्छ पाण्यानं धुवावं, न्हाय तर धूळ सांध्यात शिरती. ऐकलं का? गावात माणसाला तोंड धुवाया पाणी न्हाय, सरकारी टँकर आला तर आला, आन् विमानाला अंघोळ! मालकांच्या बागंतल्या विहिरीला तेवढं पाणी हुतं, राखण बसवल्यालं. म्या भीत भीत म्हणलो, मालक, त्यातलंच गावाला थोडं... तर शांतपणानं म्हणत्यात कसे, "ज्ञानोबा, गावाला दिलं तर दहा गावं घागरी घेऊन येतील. विमानाला दिलं तर कोण मागाया येतंय? आन् पुस्तकात लिहिलंय."

मग दर सोमवारी ट्रॅक्टरमागं पाण्याची टाकी याया लागली. म्या काय करायचो, दोन बादल्यांत फडकं पिळून विमान चकाचक करायचो, आन् उरल्यालं आमच्या चाळीस घरांना, घरटी चार घागरी. पंखाखाली बाया पराती धरायच्या, गळल्यालं शेरडांना. विमान धुतंय आन् गाव पितंय. शेजारची जाईबाई तर ऐतवारी संध्याकाळी येऊन शेपटीवर मूठभर माती टाकून जायची. म्या म्हणलो, "काकू, काय करलालाव?" तर म्हणती, "मळलंच न्हाय तर धुवायचं कशाला, बाबा?" चुकीचं हाय का सांगा.

कप्तानाची मातुर एक सवय हुती. सगळं पुस्तक वाचून झालं की उडायच्या आधी माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आन् एकच शब्द इचारायचा, "ठीक?" म्या म्हणायचो, "ठीक." की बसला. पुस्तकावर भरवसा न्हाय त्याचा, माझ्यावर. त्या एका शब्दावर माणूस आभाळात जायचा, आन् म्या खाली हात जोडून उभा.

एका सोमवारी पुसता पुसता पंखाच्या मुळाशी अंगठा दाबला, तर आत लाकूड हललं. सरसानं जोडल्याला सांधा... त्या उन्हानं सरस वाळून पीठ झाल्याला. गुरुवारी मालक आन् कप्तान हैद्राबादला निघणार. घरी मुक्ताबाईला सांगितलं. तिनं घागरीवर झाकण ठेवलं. मग म्हणती, "बोललात तर विमान बसंल. विमान बसलं तर टाकी बसंल." घटकाभरात चाळीस घरांना ठावं झालं. कुणी म्हणलं न्हाय की गप बस, तसलं गाव न्हाय आमचं. जाईबाई तेवढी आली आन् हळूच इचारती, "बाबा, लईच सुटलंय का जरासंच? जरासं सुटलं तर उडत असंल की?" काय सांगू तिला? लाज वाटली... तिची न्हाय, माझीच. कारण म्याबी रातभर तेच मोजत हुतो, जरासं का लई.

गुरुवार उजाडला. तळ्याच्या काठावर सगळ्या बाया उभ्या, रिकाम्या घागरी घेऊन, सोमवार नसताना. मालक आत जाऊन बसले. कप्तानानं खांद्यावर हात ठेवला. "ठीक?" म्या घागरींकडं बघितलं, त्याच्या पांढऱ्या मिशांकडं बघितलं... आन् तोंडातनं गेलं, "ठीक न्हाय, साहेब." त्यानं सांध्यावर मूठ मारली, तर आतली पट्टीच निखळून कापडात पडली. "नक्को," म्हणला, "अब्बी नक्को." आन् माझा हात धरून म्हातारा रडला. काठावरच्या बाया एकेक करून माघारी गेल्या. एकीनंबी शिवी दिली न्हाय. दिली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी टाकी आली न्हाय. मालकांकडं गेलो. मालक म्हणले, "उडणारं विमान धुवावं, असं पुस्तकात लिहिलंय. उभं विमान धुवावं असं कुठं लिहिलंय, दाखीव." म्या काय दाखवणार, मला वाचाया येतंय व्हय?

पर मालक उपकार इसरणारे न्हायत हं. कारखान्याच्या सभेत, लाऊडस्पीकरवर, ज्ञानोबा मिस्त्रीनं दोन जीव वाचवले म्हणून माझा सत्कार केला. टाळ्या काय, हार काय. शाल दिली, नारळ दिला. घरी आलो, मुक्ताबाईच्या हातात नारळ ठेवला. तिनं तो कानापाशी धरून हलवला, पाणी वाजतंय का बघितलं, आन् दारातल्या रिकाम्या घागरींकडं बघत म्हणली,

"एवढंच दिलं व्हय, चाळीस घरांत?"