आमचं स्टूल सरळ आहे!

...हसा, हसा! मेहुण्यानं मला या निर्यात शिबिरात 'यशस्वी निर्यातदार' म्हणून तुमच्यासमोर उभं केलंय, म्हणजे हसायलाच हवं! पण अहो ते निळ्या शर्टवाले, तुम्ही मागे मागे का चाललाय? पुढे या की... हां. तर तुम्हाला सांगतो, आमचं स्टूल सरळ आहे! वडिलांपासूनचा कारखाना, हाताखाली अकरा सुतार, अकरा जणांची चूल त्याच स्टुलावर, आणि आजपर्यंत एका माणसानं बोट ठेवलं नव्हतं. मग मेहुणा आला. असल्याच शिबिरातून आला. "दाजी, लोकल किती दिवस? जरा ग्लोबल व्हा!" मी म्हटलं, बाबा रे, शेजारच्या गावात माल पोचवताना माझा टेम्पो तीनदा बंद पडतो, ग्लोबल कसला होतोय? तर आमची ही आतून म्हणते, "माझा भाऊ एवढं सांगतोय तर ऐकावं माणसानं." संपलं! झालो ग्लोबल!

परदेशातल्या एका बाईंनी फोटो बघून माल मागवला. अख्खा कंटेनर! सुतारांनी जेवणाची सुट्टी सोडली हो. थोरल्या मिस्त्रींनी प्रत्येक स्टुलावर नेहमीसारखं पाण्याचं ताट ठेवलं, पाणी चारी बाजूंनी सारखं दिसेपर्यंत पाय तासले, पुढच्या बाजूला आमचं फूल कोरलं, माल गेला... आणि बाईंचा व्हिडिओ कॉल! बाई स्टुलावर बसल्यात, बोलतायत, आणि बोलता बोलता हळूच मागे चालल्यात! पडद्यातून गेल्याच! नुसता आवाज येतोय. मेहुणा घाम पुसत सांगतो, "दाजी, त्या म्हणतात स्टूल तिरकं आहे."

तिरकं? आमचं? मी तिथल्या तिथं एक स्टूल ओढलं, बसलो, उठून वर चहाचा कप ठेवला, थेंब हलला नाही! म्हटलं, विचार त्यांना, बाई, तुमची जमीन तर तिरकी नाही ना? मेहुण्यानं काय विचारलं देव जाणे, बाईंनी पाणसळ आणली, ती सपाटी बघायची बुडबुडेवाली पट्टी, आणि जमिनीवर ठेवली. बुडबुडा मधोमध! "आता तुमच्याकडे ठेवा," म्हणाल्या. तालुक्याहून मागवून ठेवली. आमचा बुडबुडा जो कोपऱ्यात जाऊन बसला, तो रुसलेल्या जावयासारखा बाहेरच येईना!

तेव्हा कळलं हो! आमच्या गावात एकच गवंडी. त्याच्या हातची प्रत्येक जमीन दाराकडे उतरते. धुतली की पाणी आपोआप बाहेर, बायका खूश! आणि आम्ही वडिलांपासून त्या उतारावर पाय तासतोय, पुढचे लांब, मागचे आखूड, आणि गावात जो तो फूल दाराकडे करून बसतो. म्हणजे आमचं स्टूल सरळच आहे... फक्त आमच्या गावात!

कंटेनर परत आला. रडायला आलं, खरंच सांगतो. थोरले मिस्त्री दिवसभर एकेका स्टुलावर ताट ठेवून पाणी बघत होते. मेहुणा म्हणाला, "दाजी, खचायचं नाही! जमीनच सपाट करू!" केली! कारखान्याची वडिलांच्या वेळची जमीन फोडली, पाणसळ लावून लावून काचेसारखी केली, नवा नमुना पाठवला. बाईंचं उत्तर आलं, "फारच सुंदर! पण आता आमच्याकडे लोक घडीच्या खुर्च्या मागतात."

घ्या! मग म्हटलं मरू दे, आपलं गाव आहे ना! नवी स्टुलं गावात विकली. दुसऱ्या दिवशी न्हावी दारात उभा. "मालक, हे काय दिलंत? गिऱ्हाईक बसतं, साबण लावेपर्यंत अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर!" मागोमाग शिंपी, मागोमाग सख्खी आत्या, "मेल्या, मला घसरवतोस?" मी ओरडतोय, अहो आत्या, आत्ता कुठे आमचं स्टूल सरळ आहे! ऐकतंय कोण?

शेवटी गवंड्याचे पाय धरले. म्हटलं, तो उतार होता तसा परत करून दे, अकरा माणसं बसून आहेत माझी. गेला महिनाभर ओततोय, फोडतोय, ओततोय. कधी उतार भिंतीकडे, कधी मधेच खड्डा. काल थापी खाली ठेवली आणि म्हणाला, "मालक, मला जमणार नाही. मी आयुष्यभर सपाटच करत होतो हो!"

मेहुणा म्हणाला, "दाजी, खचायचं नाही! शिबिरात भाषण करा, अनुभव विकला जातो." म्हणून आलो. हॉल छान आहे. जमीन एकदम सपाट, मी पाणसळ लावून बघितली... अहो, निळा शर्ट! धरा, धरा त्यांना! तुम्ही सगळेच धरून बसा बाबांनो, तो परत आलेला कंटेनर मेहुण्यानं इथंच उतरवलाय.